लहान, जुन्या धरणाची देखरेख कशी करावी : नव्याने जबाबदारी आलेल्यांसाठी

मूळ काम कधीच संपलेली, पण पाणी अजूनही अडवून उभी असलेली लहान धरणे घाटमाथ्यावर आणि शहरांच्या कडेला अनेक आहेत. लोणावळ्याचे भुशी धरण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने एकोणिसाव्या शतकात वाफेच्या इंजिनांसाठी बांधले. आज ते ओळखले जाते ते पावसाळ्यात सांडव्याच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या गर्दीमुळे. पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास मुंबईच्या पाण्यासाठी झाला, पण त्याचे पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने आता तिथे काठावर फिरायला येणारेच अधिक. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर लोक जातात ते मुख्यतः बोटीत बसायला.

अशा धरणाचे मूळ काम संपले की तिथे रोज जाणारा माणूसही संपतो, आणि खरी अडचण इथे सुरू होते. झडप उघडायला किंवा पंप चालवायला जाणारा कर्मचारी जाता-येता भरावावरून नजर फिरवत असे, कुठे ओल वाढली की साहेबांच्या कानावर घालत असे. आता तिथे बोटीचे तिकीट देणारा असतो, भजीवाला असतो, सुरक्षारक्षकही असतो. धरणाकडे पाहणे मात्र कोणाच्याच कामात बसत नाही. नगरपरिषदेत नव्याने रुजू झालेला कनिष्ठ अभियंता, ग्रामपंचायतीचा सदस्य किंवा एखादे तळे सांभाळायला घेतलेली संस्था यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे. तज्ज्ञाच्या तपासणीला ते पर्याय नाही. तज्ज्ञाला केव्हा बोलवायचे आणि तो आल्यावर त्याच्या हातात काय द्यायचे, एवढ्यासाठी ते आहे.

कायद्याच्या बाबतीत आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीची धरणे त्यात येतात, पण त्यासाठी लांबी किमान ५०० मीटर असणे किंवा साठा किमान १० लाख घनमीटर असणे अशांपैकी एखादी अट पूर्ण व्हावी लागते. त्याखालच्या धरणांना या कायद्याने ठरवलेली तपासणी लागू होत नाही, आणि ती करायची की नाही हे व्यवहारात मालकाच्या जागरूकतेवर राहते. उंची कमी म्हणून धोका कमी, असा अर्थ मात्र यातून काढू नये. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टोकोआ येथे असलेले केली बार्न्स धरण जेमतेम १२ मीटर उंच होते. तिथली वीजनिर्मिती १९५७ मध्ये बंद झाली आणि त्यानंतर ते एका बायबल कॉलेजचे विरंगुळ्याचे तळे म्हणून उरले. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे, सर्व झोपेत असताना ते फुटले आणि खालच्या वसाहतीतील ३९ जण मरण पावले. चौकशी करणाऱ्यांना धरणाचे आराखडे मिळाले नाहीत, आणि कोणतेही एक कारण ठामपणे सांगता आले नाही. १९७३ चे एक छायाचित्र मात्र मिळाले, त्यात खालच्या बाजूचा उतार घसरलेला स्पष्ट दिसत होता. त्या घसरणीचा अर्थ धरण फुटल्यानंतर शोधला गेला.

पहिली पायरी : कागद आणि खालची वस्ती

सर्वप्रथम धरणाचा मालक कोण हे लेखी मिळवावे. रेल्वे, नगरपरिषद, वन विभाग, संस्थानकाळातला एखादा ट्रस्ट यांच्यात ही जबाबदारी अनेकदा लोंबकळत असते, आणि झडपेची किल्ली एकाकडे तर जमीन दुसऱ्याकडे असा प्रकारही आढळतो. त्यानंतर जुने नकाशे, दुरुस्तीची देयके आणि छायाचित्रे शोधावीत. गावातल्या वयस्कर माणसांना विचारावे, कारण "पूर्वी इथे एक मोरी होती, ती बुजवली" असे एखादे वाक्य कोणत्याही फाइलमध्ये सापडत नाही. काहीच मिळाले नाही तर आपणच साधा आराखडा काढावा. धरणाची लांबी, सर्वांत जास्त उंची, माथ्याची रुंदी, बांधकाम मातीचे की दगडी, सांडव्याची लांबी, पाणी सोडण्याचा नळ कुठून जातो, आणि सांडव्याच्या पातळीपासून धरणाच्या माथ्यावरचा सर्वांत खचलेला बिंदू किती उंच आहे, हे सर्व त्यात यावे. शेवटचा आकडा सर्वांत मोलाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी कोणाला ठाऊक नसतो.

यानंतर धरणाकडे पाठ करून ओढ्याच्या कडेने निदान चार-पाच किलोमीटर चालत जावे. किती घरे आहेत, फरशी पूल कुठे आहे, ओढ्याच्या पात्रात कोणाचे रिसॉर्ट किंवा तंबू उभे आहेत, रात्री तिथे कोण झोपते, याची नोंद करावी. धरण बांधले तेव्हा खाली भातखाचरे असतील. आज तिथे फार्म हाऊसची रांग असेल, तर धरणात काहीही न बदलता धोका वाढलेला आहे. ही पायपीट दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पुन्हा करावी.

दुसरी पायरी : खुणा

मोजमाप करण्यापूर्वी मोजण्याची जागा पक्की करावी. माथ्यावर दर दहा मीटरवर रंगाने क्रमांक टाकावेत आणि त्यांची सुरुवात डाव्या तीरापासून करावी. पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला येतो तो डावा तीर. असे क्रमांक असले म्हणजे "मध्याच्या थोडे पुढे ओल आहे" या नोंदीऐवजी "७० मीटरवर, माथ्यापासून चार मीटर खाली ओल आहे" अशी नोंद होते, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या माणसाला ती जागा सापडते. सांडव्याजवळ पाणीपातळीची पट्टी बसवावी व तिचा शून्य सांडव्याच्या माथ्याशी जुळवावा. जवळ एक साधे पर्जन्यमापक असावे. छायाचित्रे घेण्याच्या पाच-सहा जागा ठरवून तिथे खुणेचे दगड रोवावेत, म्हणजे प्रत्येक वेळी तीच चौकट मिळेल.

तिसरी पायरी : फेरी

फेरीचा मार्ग ठरलेला असावा. माथ्यावरून एकदा जावे, मग पाण्याकडच्या उतारावरून, मग खालच्या उतारावर नागमोडी, आणि शेवटी पायथ्याशी दोन्ही टोकांपर्यंत. डोंगर आणि भराव जिथे भेटतात ती टोके घाईत राहून जातात. गळती बऱ्याचदा तिथेच असते. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन खड्डे आणि फुगवटे उठून दाखवते, त्यामुळे भर दुपारी जाऊ नये.

माथ्यावर पाहायच्या गोष्टी दोन : तडे आणि खचणे. माथ्याच्या लांबीला समांतर जाणारा, किंचित कमानीसारखा वळलेला तडा उतार घसरू लागल्याचे लक्षण असू शकतो. आडवा, म्हणजे पाण्याकडून खालच्या बाजूकडे जाणारा तडा याहून वाईट, कारण तो पाण्याला सरळ वाट देतो. उन्हाळ्यात काळी माती सुकल्याने पडणाऱ्या बारीक भेगांना घाबरण्याचे कारण नाही. त्या उथळ असतात आणि पहिल्या पावसात मिटतात. तड्याच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून तारीख लिहावी आणि पुढच्या फेरीत तो खुंटीपलीकडे गेला आहे का ते पाहावे. वर्षातून एकदा लेव्हल यंत्राने माथ्याची पातळी प्रत्येक क्रमांकावर मोजून घ्यावी. सर्वेक्षण करणाऱ्याला हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि त्यावर होणारा खर्च कधीही वाया जात नाही.

झाडांबाबत गैरसमज फार आहे. भरावावर झाडे लावल्याने माती धरून राहते असे सांगितले जाते आणि वृक्षारोपणाचे कार्यक्रमही हौसेने बांधावरच होतात. मातीच्या धरणावर हवे ते फक्त आखूड गवत. मुळे आत शिरतात, झाड मेल्यावर ती कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला पोकळ वाट मिळते. वादळात मोठे झाड उन्मळले तर भरावाचा लचकाच निघतो. रोपटी असतानाच उपटावीत. मोठे झाड मात्र नुसते तोडून मोकळे होऊ नये. तज्ज्ञाच्या सल्ल्याने, पाणी खाली गेलेले असताना, बुंधा व मुळे काढून तो खड्डा थराथराने धुम्मस करून भरावा लागतो. घाणेरीचे रान वेगळ्या कारणाने काढावे : त्याखाली काय चालले आहे ते दिसत नाही.

बिळे आणि वारुळे यांचीही नोंद क्रमांकासह ठेवावी. जुलै २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटल्यावर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना जबाबदार धरले आणि त्याची राज्यभर थट्टा झाली. खेकडे, घुशी आणि वाळवी भराव पोखरतात हे खरेच आहे. पण खेकडा बीळ उघड्यावर करतो, ते दिसते आणि बुजवता येते. तिवऱ्याच्या गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीपासून तक्रारी केल्याच्या बातम्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या होत्या. बीळ सापडले तर ते पाण्याकडच्या बाजूला आहे की खालच्या, आणि त्यातून ओल येते का, हे आधी पाहावे. मगच चिकणमातीने ठासून भरावे.

चौथी पायरी : गळतीचे मोजमाप

वेळ थोडा असेल आणि एकच काम नीट करता येणार असेल तर ते हे करावे. मातीचे प्रत्येक धरण थोडेफार पाझरते, म्हणून गळती आहे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तलावात पाण्याची पातळी तीच असताना गळती गेल्या वर्षीपेक्षा वाढली आहे का, तिची जागा सरकली आहे का आणि पाणी गढूळ झाले आहे का, हे तीन प्रश्न निर्णायक असतात. त्यांची उत्तरे आजच्या पाहणीतून मिळत नाहीत. मागच्या नोंदी असल्या तरच मिळतात.

लहान गळती बादली आणि घड्याळाने मोजता येते. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला १५ लिटर. प्रवाह मोठा असेल तर पायथ्याच्या चरात पत्र्याची नव्वद अंशांची व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी V आकाराची खाच कापलेला पत्रा, आडवा बसवावा. खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे पाऊण लिटर, १० सेंटिमीटर असेल तर सुमारे ४.४ लिटर, आणि २० सेंटिमीटर असेल तर सुमारे २५ लिटर पाणी जाते. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून अधिक वाढतो, म्हणून दोन-तीन सेंटिमीटरची वाढ किरकोळ समजू नये. उंची नॉचला चिकटून मोजू नये. पाण्याच्या उंचीच्या निदान चौपट अंतरावर, वरच्या बाजूला, पट्टी लावून मोजावी. पाऊस पडत असताना उतारावरचे पाणीही त्यात मिसळते. त्यामुळे तेव्हाच्या आकड्यापुढे पावसाची नोंद हवी, आणि तुलना शक्यतो कोरड्या दिवसांच्या मोजणीशीच करावी.

गढूळपणा पाहण्यासाठी पाणी काचेच्या बाटलीत भरून, तारीख चिकटवून, रात्रभर स्थिर ठेवावे. तळाशी माती बसली तर धरणाच्या पोटातून माती निघते आहे, आणि ही बाब त्याच दिवशी अभियंत्याला कळवावी. पायथ्याशी जमिनीतून पाणी उकळल्यासारखे वर येत असेल आणि भोवती वाळूचे छोटे कडे जमले असेल, तर तेही याच प्रकारात मोडते. गळती अचानक थांबली तरी निश्चिंत होऊ नये. पाण्याची वाट आत कुठेतरी बदललेली असू शकते.

दगडी धरण असेल तर लक्षणे वेगळी दिसतात. जुनी बांधणी चुन्यातली असते, आणि झिरपणारे पाणी चुना विरघळवत नेते. खालच्या तोंडावर दिसणारे पांढरे ओघळ म्हणजे आतल्या चुन्याचा हिशेब. दरजा (दगडांमधले चुन्याने भरलेले सांधे) उघड्या पडल्या आहेत का, दगड सुटला आहे का आणि सांध्यात पिंपळ किंवा उंबर रुजला आहे का, ते पाहावे. दरजा पुन्हा भरताना एक पथ्य पाळावे : खालच्या बाजूच्या पाणी निघण्याच्या वाटा सिमेंटने लिंपून बंद करू नयेत. भिंत कोरडी दिसते आणि सर्वांना समाधान वाटते, पण आत कोंडलेल्या पाण्याचा दाब भिंतीला खालून उचलू पाहतो. १८९५ मध्ये फ्रान्समधील बुझे धरण फुटल्यानंतर या दाबाचा विचार अभियंते गांभीर्याने करू लागले. त्याआधीच्या भिंतींच्या आराखड्यांत तो धरलेला असेल असे मानू नये.

पाचवी पायरी : सांडवा आणि झडप

विरंगुळ्याच्या तळ्यांवर सांडव्याशी जेवढे खेळ होतात तेवढे दुसऱ्या कशाशी होत नाहीत. उन्हाळ्यात बोटी चालाव्यात म्हणून सांडव्यावर वाळूची पोती किंवा विटांचा थर रचून पाणी फूटभर जास्त अडवले जाते आणि पावसाळ्यात तो थर तसाच राहतो. याचा हिशेब साधा आहे. धरणाचा माथा सांडव्यापेक्षा एक मीटर उंच आहे असे धरू. २० मीटर लांबीच्या रुंदमाथ्याच्या सांडव्यावरून तेवढ्या, एक मीटर उंचीने पाणी वाहिले तर सेकंदाला सुमारे ३४ घनमीटर जाते. त्यावर ३० सेंटिमीटरचा थर रचला की धरणाच्या माथ्यापर्यंत ७० सेंटिमीटरच उरतात आणि तोच सांडवा सुमारे २० घनमीटर वाहून नेतो. एका फुटाने सुमारे चाळीस टक्के क्षमता जाते. दुसऱ्या बाजूला, एक चौरस किलोमीटर पाणलोटावर तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सर्व वाहून आला, तर सेकंदाला सुमारे २८ घनमीटर पाणी येते. घाटमाथ्यावर अशी सर अशक्य नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या साउथ फोर्क धरणाची कहाणी प्रत्येक बोटिंग ठेकेदाराने ऐकावी अशी आहे. कालव्यासाठी बांधलेले ते जुने धरण पुढे श्रीमंतांच्या मासेमारी व शिकार क्लबकडे आले. खालून पाणी सोडण्याचे नळ आधीच्या मालकाने काढून टाकले होते, ते क्लबने पुन्हा बसवले नाहीत. गाड्यांसाठी माथा रुंद करताना त्याची उंची कमी केली. आणि तळ्यातले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ च्या पुरात जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेले, आणि जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसे मेली. आपल्याकडे जाळ्यांची जागा प्लास्टिकच्या बाटल्या, निर्माल्य आणि जलपर्णी घेतात. पावसाळ्यात सांडव्याचे तोंड रोज पाहावे आणि मेअखेरीस एकदा पूर्ण साफ करावे.

झडप वर्षातून दोनदा तरी पूर्ण उघडून बंद करून पाहावी. गंजून अडकलेली झडप संकटाच्या रात्री उघडत नाही, आणि तळे लवकर उतरवण्याचा दुसरा मार्ग बहुधा नसतोच. धरणाच्या पोटातून जाणारा जुना नळ किंवा मोरी ही भरावातली सर्वांत नाजूक जागा असते. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेल्या, तेव्हा अपूर्ण असलेल्या पानशेत धरणात माती खचत गेली ती विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या, मोरीवरच. म्हणून नळाच्या तोंडाशी नळाबाहेरून पाणी येते का, आणि नळाच्या रेषेत माथ्यावर खळगा पडला आहे का, हे प्रत्येक फेरीत आवर्जून पाहावे.

सहावी पायरी : वेळापत्रक आणि गर्दी

एप्रिल-मे मध्ये पावसाळापूर्व आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाळोत्तर अशा दोन सविस्तर तपासण्या अभियंत्याकडून कराव्यात. एरवी महिन्यातून एक फेरी पुरते. तळे भरत असताना आठवड्याला एक, सांडवा वाहू लागल्यावर रोज, आणि मोठ्या पावसात दिवसातून दोनदा फेरी करावी. भूकंपाचा धक्का जाणवला तर लगेच. नोंदवही कागदाचीच असावी आणि तिच्यात पातळी, पाऊस, गळती व फेरी करणाऱ्याची सही यावी. मोबाइलवरच्या गटात टाकलेले फोटो वर्षभराने कोणालाही सापडत नाहीत.

गर्दीची सुरक्षा हा स्वतंत्र विषय आहे, पण देखरेखीशी तो जोडलेला आहे. खालच्या रस्त्यावर दुतर्फा गाड्या लागल्या की संकटात गळतीवर टाकायच्या वाळूचा ट्रक धरणापर्यंत पोहोचत नाही. माथ्यावर टपऱ्या लागल्या की तिथले तडे झाकले जातात. बोटींसाठी सांडव्यापासून पुरेशा अंतरावर तरंगत्या पिंपांची दोरी बांधावी. सांडव्याखाली जिथे पाणी आदळून मागे वळते तिथे पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही, त्यामुळे तो भाग कुंपणाने बंदच असावा. ३० जून २०२४ रोजी भुशीच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. धरणाला काही झाले नव्हते. वर डोंगरात पडलेल्या पावसाने ओढ्याचे पाणी अचानक वाढले होते. पर्जन्यमापकाचा आकडा आणि शिट्टी वाजवणारा रक्षक यांचा संबंध जोडून ठेवावा : अमुक मिलिमीटर पाऊस झाला की लोकांना बाहेर काढायचे, हे आधीच लेखी ठरलेले असावे.

सातवी पायरी : धोका दिसल्यावर

कोणत्या लक्षणावर काय करायचे याचा एक पानाचा तक्ता चौकीत लावावा. त्यावर ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक, तसेच तहसीलदार, पोलीस ठाणे, सरपंच आणि पोलीस पाटील यांचे संपर्क असावेत आणि ते दर मे महिन्यात फोन लावून तपासावेत. वाढती गढूळ गळती, घसरणारा उतार, तळ्यात भोवरा किंवा माथ्याला टेकू आलेले पाणी यांपैकी काहीही दिसले तर खात्री करण्यात वेळ घालवू नये. आधी खालच्या लोकांना हलवण्यासाठी कळवावे, पर्यटकांना काढावे, मग उपाय करावेत.

उपाय मोजके आहेत. झडप पूर्ण उघडावी. ती चालत नसेल तर पंप किंवा सायफन लावावा. एरवी जुन्या मातीच्या धरणाचे पाणी दिवसाला साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा वेगाने उतरवू नये, कारण पाण्याकडचा ओला उतार घसरतो. फुटण्याचाच धोका असेल तर हे बंधन उरत नाही. गढूळ पाणी जिथून येते तिथे माती, पोती किंवा ताडपत्री कोंबून ते बंद करण्याचा प्रयत्न करू नये, पाणी शेजारून वाट काढते. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी आणि वर दगड असे थर टाकावेत, म्हणजे पाणी निघत राहील आणि माती अडेल. म्हणून दोन ब्रास वाळू आणि तेवढीच खडी पावसाळ्यापूर्वीच पायथ्याजवळ आणून ठेवावी. ती बांधकामासाठी उचलली जाणार नाही याची व्यवस्थाही करावी, नाहीतर जुलैपर्यंत ती उरत नाही. भोवरा दिसत असेल तर मात्र पाण्याकडच्या बाजूने दगड, खडी व माती टाकून तोंड बुजवण्याचा प्रयत्न करता येतो. कोणीही एकट्याने भरावावर जाऊ नये आणि रात्री दोराशिवाय उतारावर उतरू नये.

पाणी उतरून गळती थांबली तरी जलसंपदा किंवा मृद व जलसंधारण विभागातील जाणकार अभियंत्याची लेखी तपासणी होईपर्यंत झडप उघडीच ठेवावी, आणि बोटिंगचा हंगाम बुडत असला तरी तळे पुन्हा भरू देऊ नये.